गाठवण

बोल्टन. दुपारी तीनलाच दिवे.
ट्रेमध्ये दोनशे अकरा निळे मणी.
दोरा केव्हाच कुजला.
लेबलवर : स्त्री. नाव नाही.

निळा म्हणजे पुन्हा जन्म, मॅरियन सांगते,
सोनं देवांचं मांस, अकीक रक्त,
आणि छातीवरच्या या दगडी भुंगेऱ्याला विनवणी :
काळजा, तिथे माझ्यावर उलटू नकोस.

माझे बाबा पटवेकरी.
कराडच्या पेठेत डोरली गाठवायचे
पायाच्या अंगठ्याला रेशीम ताणून.
मणी सोनाराचे, म्हणायचे, गाठ आपली.

सुताला मेण लावते.
एकशे चाळिसाव्या मण्याचं भोक
एका बाजूने झिजलेलं.
म्हणजे रोज घालत होती ती.
फक्त मेल्यावरसाठी नव्हता हा सर.

अहवालात याला रकाना नाही.
मॅरियन चहाला गेलीय.
मी हळूच
उजवा बूट काढते.