मानस

पाण्याच्या दाराला चोडणात मानस म्हणतात.
मी सांखळीची, मला हे लग्नानंतर कळलं.
बत्तीस वर्षं तिसरीच्या पोरांना शिकवत राहिले,
मानस म्हणजे मन,
आणि घरी रोहिदास
मानशीच्या बिजागऱ्यांना तेल घालून यायचा,
कोपरापर्यंत चिखलाचे हात
माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यापासून लांब धरून
विचारायचा, जेवलीस?

त्याला फार काही सांगता यायचं नाही.
भरती दार लावते, ओहोटी उघडते,
आपण मध्ये पडायचं नाही,
एवढंच एकदा म्हणाला होता.
मग रोज रात्री कंदील घेऊन जातोस कशाला?
तर म्हणे, कुर्ल्या.
कुर्ल्या बांधाला भोकं पाडतात. बोटाएवढी.
आज बुजवलं नाही
तर उधाणाला त्यातूनच अख्खी मांडवी आत येते.

गेला तीही अमावास्याच.
जाळं लावून आला, पाय धुतले,
खुर्चीत बसून पाणी मागितलं.
मी आधी चष्मा शोधला, मग तांब्या.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तेराव्याला पियेदादचा रुझार आला,
हातावर चार हजार दोनशे रुपये ठेवले.
त्या रातची सुंगटां, बाई.
नोटांना वास होता.
बिस्किटांच्या डब्यात घालून झाकण लावलं.

त्यानंतर मी वाईट वागले.
मानशीचा लिलाव आमच्या नावावर होता,
मी कुणाला बांधावर पाऊल ठेवू दिलं नाही,
स्वतःही गेले नाही.
मला वाटायचं, त्याचा कंदील गेला तिथवरची माती
तशीच राहायला हवी.
कार्तिकात बांध फुटला.
सात घरांची शेतं खारी झाली
आणि सात घरांतलं कुणी
मला एक शब्द बोललं नाही.
त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर.

सातातलं एक शेत पियेदादचं.
ती सान्नांची थाळी घेऊन यायची तशीच आली,
नोव्हेंबरात मेणबत्त्या लावून परतताना
माझ्या पायरीवर टेकली.
म्हणाली, आमच्यात फोंड तीन वर्षांचाच गो,
मग हाडं काढतात, दुसऱ्याला जागा.
मेलेल्यांनाही सरकून बसावं लागतं, बाय.
आणि गुडघे दाबत उठली,
जणू बाजारभाव सांगून झाला होता.

या वर्षी बांबोळीला
एका कोवळ्या डॉक्टरणीने माझी फिल्म उजेडावर धरली.
डावीकडे, तांदळाएवढं काहीतरी.
ती माझ्याकडे न बघता बोलत होती,
मीच म्हटलं, बस गो, पाणी पी.
फेरीबोटीत उभी राहून विचार केला,
तर भीती होती, नाही असं नाही,
पण तिच्या शेजारी एक कामही उभं होतं.

डबा उघडला. वास गेलेला.
मत्तीच्या लाकडाची एक फळी आली त्यात,
सुताराचे पैसे वरून घातले.
मानशीची खालची फळी कुजली होती, ती बदलली.
आता रुझारची धाकटी, फिलोमिना,
संध्याकाळी माझ्याबरोबर बांधावर येते.
तिला टॉर्च आवडतो. मी कंदील नेते.
वरून लिंपू नकोस, म्हणते मी,
अंगठ्याने आत दाब. अजून आत.
कुर्ली असली तर चावेल, म्हणते ती.
चावेल, म्हणते मी.

कोरगुट भात आहे खालच्या शेतात,
ते थोड्या खाऱ्यातही येतं.
यंदा बुटकं आहे, कणसं हलकी.
पण आलंय.

काल घरी आले, दिवा लावायला वळले
तेव्हा दिसलं,
चिखलाचे हात मी अंगापासून लांब धरलेत,
टेबलावर काही नाही,
वह्या तर केव्हाच्या शाळेत परत गेल्या.
तशीच उभी राहिले थोडा वेळ.
मग मोठ्याने विचारलं, जेवलीस?
आणि हात धुवायला गेले.