खाऱ्या पाण्यातली घटिका

आमच्या विभागात एकदा वाद झाला, चहा निवेपर्यंत:
माईदेव उपाध्याला प्राध्यापक म्हणावं का?
तळ्याकाठी बकुळीखाली बसलेली अकरा मुलं,
धूळपाटीवर काडीनं काढलेली वर्तुळं,
वारा आला की पुसलं जाणारं आकाश,
आणि पगार वर्षाला चार मुडे भात.

मी म्हटलं, म्हणावंच.
चार मुडे म्हणजे माझ्यापेक्षा बरंच आहे.
मी तासिका तत्त्वावर.

घणसोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
अठ्ठेचाळीस मिनिटांची एक तासिका.
बरोबर दोन घटिका.
सहाशे वर्षांत एवढं एक माप शिल्लक राहिलंय
आणि ते माझ्या बिलावर आहे.

त्याच्या पोथीची झेरॉक्स माझ्या कपाटात असते.
बावीस पानं, निम्मी वाळवीनं आधीच वाचलेली.
चंद्राची गती, राहूची गती,
ठाण्याची पलभा: चार अंगुळं, अकरा व्यंगुळं
(मी ताडून पाहिली, बरोबर आहे),
आणि एका समासात, वेगळ्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरात:
‘वैशाखी पुनव. ग्रहण अर्ध घटी आधी लागले.
चंद्रु न चुके.’

चेंदणीच्या बंदरावर गुडघाभर पाण्यात लोक उभे असतील,
तोंडात मंत्र, डोळे वर.
हंड्यात तांब्याची वाटी, तिच्या बुडाला सुईएवढं भोक.
सूर्य बुडाल्यापासून धाकटा शिष्य मोजतोय:
बारा बुडाल्या, तेरा बुडाल्या.
चौदावी बुडेल तेव्हा स्पर्श, असं उपाध्यानं सांगितलेलं.
चौदावी अजून अर्धी रिकामी, संथ डुलत,
आणि तांडेलाची बायको म्हणते,
‘लागला की! तुजा चांद तुला इचारून येतो काय, भटा?’

हसले असतील सगळे. शिष्यसुद्धा, तोंड फिरवून.

दुसऱ्या कुणी राजाच्या पापावर ढकललं असतं,
किंवा पेंगणाऱ्या पोरावर.
यानं खाडीचं पाणी घागरीत भरून घरी नेलं.
नऊ रात्री दोन हंड्यांपुढे बसला,
एकात तळं, एकात खाडी,
मध्ये तीच एक वाटी,
आणि वेळ मोजायला स्वतःचा श्वास.
‘खारें पाणी जड. वाटी हळू बुडे.’
त्याखाली एकच ओळ:
‘आतां शिष्यांस सांगणें.’

तिथून पुढचं पान नाही.
त्यानं सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.
चुकीची उत्तरपत्रिका तपासताना
मी या ओळीपाशी अडकते.
चूक माझी असते तेव्हा जास्त.

मागच्या गुरुवारी वाटी नेली वर्गात.
तृशांत भोईरच्या बाबांनी रबाळ्याच्या लेथवर
भोक पाडून दिलं, तीनदा दुरुस्त करून.
आफरीन मुकादमनं ऐरोलीच्या पुलाखालून
दोन कॅन पाणी आणलं, रिक्षावाल्याशी भांडून.
वर्गभर चिखलाचा, खारफुटीचा वास.
‘मॅडम, हे परीक्षेला आहे?’
नाही.

आधी नळाचं पाणी.
चोवीस मिनिटं, आणि वाटी ‘गुळुक’ म्हणून गेली.
टाळ्या.
मग लगेच खाडी.

कुणी मोबाइल काढला नाही असं नाही,
पण हळूहळू ते खाली गेले.
तिसांपैकी अठरा डोकी एका बादलीवर वाकली.
पाणी काठाशी आलं, काठाला टेकलं,
आणि शिपाई मोरूमामांनी घंटा दिली.

माझी तासिका संपली. बिल तिथपर्यंतचंच.
वाटी तरंगत होती.

कोणी उठलं नाही.
पन्नास सेकंद.
बाहेर पुढच्या वर्गाची मुलं दार ठोठावत होती,
आणि मी, गळ्यातला आवाज सावरत, म्हटलं,
‘थांबा. मागच्या वर्षी मी तुम्हाला
एक गोष्ट चुकीची शिकवली होती.’