पाचाचे दहा

राजधानीत आज पाचाचे दहा झाले.
आवाजी नाही, हात मोजून.
मी इथे, तीन तास उत्तरेला,
गोठलेल्या तलावाकाठच्या कचेरीत
लाइल हापालाची फाइल उघडून बसले आहे.
बाहेर उणे एकोणीस.

चार वर्षं, अकरा महिने, दोन दिवस.
दर दुसऱ्या मंगळवारी तो येतो,
बूट दारातच झाडतो,
बाटलीत लघवी भरून देतो,
हवा बरी आहे म्हणतो
हवा बरी नसतानाही.
लाकडाच्या गिरणीत नोकरी. दारू बंद.
एक म्हातारी कुत्री, तिच्या औषधाच्या पावत्याही दाखवतो,
मी मागितलेल्या नसताना.

कोरिनचं घर बारा मैलांवर.
तिच्या जबड्यात पोलादाची पट्टी आहे,
थंडीची लाट रेडिओच्या आधी
तिच्या दातांना कळते.
तिच्या फ्रिजवर एका तारखेभोवती लाल गोल आहे.
त्याच तारखेभोवती लाइलच्या पाकिटातही.
दोघांनाही त्या दिवशी दार दिसतं,
कडी कुठल्या बाजूला, एवढाच फरक.

गेल्या महिन्यात समितीपुढे मला दोन मिनिटं मिळाली होती.
मी म्हणाले, काहींना पाच पुरत नाहीत.
मी म्हणाले, काहींना दोनच पुरली असती.
दिवा लाल झाला.
कुणी कुठलं वाक्य उचललं, माहीत नाही.

दुपारी कोरिनचा फोन.
"माझ्यासाठी पण दहा ना, व्हर्ना?"
नाही. नवा कायदा मागे वळून बघत नाही.
पलीकडे कपात चमचा फिरत राहिला.
"पाच कुणी ठरवले होते?"
मला खरंच ठाऊक नाही.
कुणीतरी स्वतःचा पंजा बघितला असेल.

पुढच्या आठवड्यात एकोणीस वर्षांचा एक पोरगा
पहिलाच दहा घेऊन या खुर्चीत बसेल.
तो सुटेल तेव्हा मी निवृत्त झालेली असेन,
त्याला टक्कल पडायला लागलेलं असेल,
आणि ज्याला त्याने मारलं
तो किती बरा झालेला असेल,
याचा रकाना फाइलीत नाही.

लाइल आज मंगळवार नसताना आला.
बूट झाडले. बसला नाही.
बातमी त्यानेही ऐकली होती.
टोपी हातात चुरगाळत म्हणाला,
"संपल्यावरही आलो तर चालेल का?
म्हणजे, मंगळवारी.
सही नको. नुसतं."

असा फॉर्म आमच्याकडे नाही.
तरी मी ड्रॉवर उघडून बघितला.