दिवसाला एक मिलिमीटर

दसऱ्यानंतरच्या पहिल्या मोठ्या सुकतीला
आचऱ्याच्या खाडीत कालवं काढताना कोयती घसरली
आणि कालवाची धार उजव्या मनगटात
करंगळीच्या बाजूने आत गेली.
रक्त थांबलं.
करंगळी आणि तिची शेजारीण
थांबल्या त्या थांबल्याच.

ओरोसच्या डॉक्टरणीने कागदावर रेघ ओढली :
डोक्यातून मानेत, मानेतून काखेत,
कोपराच्या हाडामागून मनगटात.
"कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ही नस.
टाके घातलेत. आता वाढेल पुढे.
दिवसाला एक मिलिमीटर."

घरी येऊन जावेच्या शिवणाच्या टेपने मोजलं.
मनगटापासून टोकापर्यंत चौदा सेंटिमीटर.
म्हणजे एकशे चाळीस दिवस.
म्हणजे शिमगा.

मध्येच एकदा टोप उतरवताना
करपल्याचा वास आला.
मी भाताकडे पाहिलं.
भात नव्हता, करंगळी होती.

पूर्वी हात आधी मागे यायचा,
भाजल्याचं नंतर कळायचं.
डॉक्टरीण म्हणते, तो निकाल डोक्यापर्यंत जातच नाही,
पाठीचा कणा परस्पर देऊन टाकतो,
डोक्याला मागाहून निरोप.
मला हसू आलं. आमच्या वाडीतही
मासळीचा भाव बायका वाळूत ठरवतात,
घोवांना तो जेवताना कळतो.
पण खालून हाक तरी निघायला हवी ना.

धाकटा दीर वीज मंडळात.
म्हणतो, वहिनी, वायर तुटली, जोडली, झालं.
बाबल, तुझी वायर वाढते का रे?
हिचं तसं नाही. आतलं सगळं सुकून जातं,
नळी तेवढी उरते रिकामी,
आणि तिच्यातून नवं टोक चाचपडत निघतं,
कुर्ली जुन्या बिळात शिरते तसं :
एक पाय, थांबणं,
मग दुसरा.

रोज रात्री भांडी झाली की
मनगटापासून खाली टिचक्या मारत जाते.
जिथे मुंग्या येतात, तिथवर ती पोचली.
तिथे बॉलपेनने टिंब.
सकाळी मासे धुताना पुसतं, रात्री पुन्हा देते.
मार्गशीर्षात तळव्याच्या मध्यावर होती,
संक्रांतीला करंगळीच्या मुळाशी,
मग आठ दिवस जागची हललीच नाही.
मी काही बोलले नव्हते, तरी नवरा जाळं विणता विणता म्हणाला,
"सुकती आसा गो. येतली."

आली. शिमग्याआधी चार दिवस.
नीट आली नाही.
सुरंगाने करंगळीवरून कोंबड्याचं पीस फिरवलं
तर गुदगुल्या शेजारणीला.
गार पाणी नुसतं गार लागत नाही, ठणकतं.
काही धागे चुकीच्या नळीत शिरले असणार,
आता डोक्याने नवे पत्ते पाठ करायचे,
असं डॉक्टरीण म्हणाली, आणि तिने पुढच्या पेशंटला बोलावलं.

मग मी डोळे मिटून बसते,
सुरंगा हातात एकेक ठेवते.
बटण. शिंपला. चिंचोका.
बटणाला मी चिंचोका म्हणते,
ती मास्तरीण असल्यासारखी "चूक" ओरडते.

परवा पुन्हा खाडीत उतरले.
तिसऱ्या की चौथ्या दगडाशी
धार करंगळीला लागली.

हात आधी मागे आला.
मग दुखलं,
शेजारच्या बोटात.

चालेल.