पहिले दहा तास

बोट ट्रकमधून उतरली तेव्हा
पळसबांधच्या पाळीवर अख्खा टोला जमला होता.
सहा जणांची, पांढरी, कडेला निळा पट्टा.
गाद्यांवरचं प्लास्टिक
सेक्रेटरीनं अजून काढू दिलेलं नाही.

सोबतचं पुस्तक इंग्रजीत.
म्हणून, धनपाल, तुझ्यासाठी
सोसायटीच्या वहीत मागच्या पानापासून लिहिते.
पुढून रोहू, कतला, मरळ आणि किलोचे भाव आहेत,
मधे कुठंतरी गाठ पडेल.

पहिले दहा तास इंजिन अर्ध्या जोरावर.
मेकॅनिक म्हणाला,
आतले भाग घासून घासून एकमेकांच्या ओळखीचे होतात.
मला पटलं.
नवा गोऱ्हा कोणी पहिल्याच दिवशी चिखलणीला जुंपत नाही.

लाल दोरी मनगटाला, दुसरं टोक खटक्यात.
तू पाण्यात पडलास की दोरी निघते
आणि इंजिन जागीच मरतं.
नाहीतर रिकामी बोट गोल फिरत राहते
आणि पंखा बरोबर आपल्यावर परत येतो.
हे त्यानं हसत सांगितलं.
मी हसले नाही.

जॅकेट सगळ्यांना.
पोहता येणाऱ्याला आधी.
माझा भाऊ डोंग्यातून पडला तेव्हा
या तलावात त्याच्याहून चांगलं कोणी पोहत नव्हतं.

पेट्रोल काठावरच भर. बिडीवाल्याला पाळीपलीकडे धाड.
इंजिन सुरू झालं की बाजूच्या भोकातून
पाण्याची बारीक धार पडली पाहिजे.
धार नाही, तर जाणं नाही.
दोन आठवडे बोट उभी होती तर कुंभारमाशीनं
त्याच भोकात मातीचं घर बांधलं.
तारेनं काढलं. आत तीन कोळी होते,
मेलेले म्हणावे तर पाय हलत होते.

आवाज जड झाला तर जोर वाढवू नकोस.
चिला गुंडाळला असेल पंख्याला.
बंद कर, पंखा वर घे, चावी खिशात,
मगच हात घाल. या क्रमानं. रोज. कंटाळा आला तरी.

सातव्या तासात पाहुणे आले,
बीडीओसाहेबांचे मेहुणे, गोंदियाहून, दोन बाया, एक पोरगं.
मेहुणे म्हणाले, एवढीच पळते का तुमची बोट?
जॅकेट मांडीवर ठेवून बसले होते.
हात पुढे केला त्यांनी माझ्या हातावरून.
मी मनगट झटकलं.
दोरी सुटली. आवाज गेला.
तलावाच्या मधोमध
कमळाच्या पानांवर एक पाखरू चालत होतं,
त्याची बोटं ऐकू येत होती.
कोणी बोललं नाही.
मग त्यांनीच पट्टे लावले, एक, दोन, तीन,
आणि पोराचे पण तपासले.

बाबाला पहिल्या दिवशी बसवलं होतं.
एकाच झाडाच्या खोडात जन्म काढलेला माणूस.
त्यानं काठावरून हात खाली सोडला, बोटं पोचली नाहीत.
म्हणाला, ‘पानी दूर गेला ना वो बाई.’
मग काही वेळानं, ‘इकडून नको नेऊ.
तुडुमापासून पंधरा हात, खाली हत्तीगोटा आहे.
होळीले पाठ दिसते त्याची.’
आता तिथं पिवळा डबा तरंगतो, तो आपला.
आणि बोटीत एक बांबू असतो.
पुस्तकात बांबू नाही.
तरी काढू नकोस.

काल दहावा तास भरला.
पुस्तक म्हणतं, आता पूर्ण जोर द्या.
मी सकाळी एकदा दिला, पाखरं उठली तेव्हा सोडला.
अकराव्या तासापुढे तुझं नाव लिहिलंय.
एक राहिलंच:
बोट वर काढली की मागचं बूच काढायचं,
पाण्यात घालायच्या आधी लावायचं.
मी एकदा विसरले होते.
ते या वहीत कुठंच नाही.
तू जा, आधी बघून ये,
लावलंस का.