खरं

भारमव्वा वखारीतून थेट आली,
पदर न झटकता. निपाणीतल्या माझ्या माडीवर
दोन शिंका दिल्या, मग गप्प बसली.

पहिल्या दिवशी तिचं नाक नीट काढलं.
नीटच आलं, आणि मेलं.
रात्री सुरीनं खरवडून टाकलं.

मग मोठा ब्रश, डुकराच्या केसांचा, राठ.
कपाळावर पिवळी माती आडवी ओढली,
गालाखाली हिरवा, का ते ठाऊक नाही.
तिनं मुकादमाचं नाव घेतलं
तेव्हा हात जबड्याशी अडकला
आणि रंगाचा गोळा तिथंच राहिला, न पुसता.
जवसाच्या तेलात तंबाखूचा वास,
खाली कुणीतरी ओरडतोय: संकेश्वर, संकेश्वर.

डोळे काढलेच नाहीत.
दोन ओले फटकारे, काळ्यात थोडा तांबडा.

सहाव्या दिवशी ती उठून जवळ आली,
इतकी, की नुसते डाग दिसावेत.
मागं सरली. आणखी मागं, दारापर्यंत.
"ही मी न्हवं," म्हणाली.
चपला घातल्या.
"खरं, राग माझाच हाय."

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.

जबड्यावरचा गोळा
अजून वाळलेला नाही.