वाहतं तेवढंच

हनुवटी इथे ठेवा, कपाळ पट्टीला टेकवा,
हिरव्या फुलीकडे बघा, हलू नका.
दिवसातून तीसदा म्हणते मी हे.
स्टेनव्होर म्हणाली, "कुठली फुली?"

सिग्लुफ्योर्दुरहून आली होती, तीन बोगदे ओलांडून,
भाच्याच्या गाडीतून, मांडीवर सुक्या माशाची पिशवी.
वय चौऱ्याहत्तर. धंदा: जाळी सांधणं.
दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डाव्यात जास्त.

पडद्यावर डाव्या डोळ्याचा तळ उमटला:
काळ्यावर राखाडी, केसाहून बारीक रक्तवाहिन्या,
मज्जातंतूच्या तोंडाभोवती विणल्यासारख्या,
आणि खाली, घड्याळात पाच असतात तिथे,
पाचरीएवढा काळोख.

रुग्णांना मी चित्र दाखवत नाही सहसा.
तिने मान वाकडी करून, उरलेल्या नजरेने, स्वतःच पाहिलं.
"सील मासा शिरला होता," म्हणाली.
"तो असंच फाडतो. खालून."

दाब, मी म्हटलं. आतलं पाणी निघत नाही,
तुंबतं, रक्ताला वाट देत नाही.
तिने मान हलवली,
हवामानाच्या बातमीवर हलवतात तशी.

मंगळवारी डॉक्टर थोर्गेर्दुरने
वरच्या पापणीआड, बुबुळाच्या काठाशी
एक झडप कापली, तांदळाच्या दाण्याएवढी.
पाणी आता तिथून पाझरतं,
पातळ फोडासारखं साचतं, जिरतं.
"भोक बुजू द्यायचं नाही."
हे स्टेनव्होरला दोनदा सांगावं लागलं.
साठ वर्षं डोळ्यांत तेल घालून भोकंच हुडकलेली बाई,
बर्फात बोटं चिरली तरी
गाठ सैल सोडली नाही कधी.

तिसऱ्या आठवड्यात डोळा लालभडक.
नव्या वाहिन्या धावून आल्या होत्या फोडाकडे,
नागमोडी, घाईघाईत,
कुठे काही फाटलं की शेजारणी येतात तशा,
प्रत्येकीच्या हाती सुई.
"त्यांचं काय चुकलं?" तिने विचारलं.
डॉक्टर लिहीत राहिली. थेंब, दर दोन तासांनी,
त्यांना घरी परत धाडणारे.

मे संपताना, रात्र नावापुरतीच उरली असताना,
ती पुन्हा आली. लाली गेली होती.
दाब एकोणतीसवरून अकरा.
तीच पाचर. पण कडेने, आतल्या अंगाला,
पाच-सहा धागे राखाडी झालेले.
"कुणी सांधले?"

कुणीच नाही, बहुतेक.
या यंत्राला रक्त दिसत नाही,
रक्ताचं हलणं दिसतं. थांबलेलं ते मोजत नाही.
ते धागे तिथेच असतील, दबलेले, जवळजवळ रिकामे.
ओझं उतरलं, वाहू लागले.

"मग मला जास्त दिसेल?"
नाही. आहे ते टिकेल.
टिकलं तर, असं म्हणणार होते, म्हटलं नाही.

नियम मोडून मी कागदावर छापून दिलं चित्र.
तिने अंगठ्याने काळोख मापला, ओठांत मोजला.
"एकोणीस आस गेले," म्हणाली, हिशोबी आवाजात,
आणि घडी घालून माशाच्या पिशवीत ठेवला.
जाताना पापणी खाली ओढून
वरचा फोड शाबूत आहे ना, विचारलं.
आहे, मी म्हटलं. उघडा आहे.

पुढचे आले. हनुवटी इथे ठेवा.
हलू नका, म्हणते मी,
हलेल तेवढंच पाहणाऱ्या
यंत्रासमोर.